हॅचरीची किल्ली

"साहेब, ती एकशे चौदा अंडी तुम्ही मारलीत. भरतीने नाही, कुत्र्यांनी नाही, चोरांनीही नाही. तुम्ही. आणि आज आणखी शंभरेक मारायला निघाला आहात."

जाळेवाली हे खिडकीच्या काचेला जवळजवळ नाक लावून बोलली. आत साहेब नव्हते. आत साहेबांची खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल होता आणि टेबलावर झाकण घातलेला पाण्याचा ग्लास होता.

"साहेब अजून आले नाहीत, आई," काचेमागचा कारकून हळू आवाजात म्हणाला. कारकून म्हणजे तिचा जावई.

"मग खुर्चीला सांगते. खुर्ची निदान जागेवर तरी असते."

रांगेतला एकजण फिस्सकन हसला. जावयाने मान खाली घातली आणि आधीच सरळ असलेले कागद पुन्हा सरळ केले. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं आणि कार्यालय अर्धा तास मागे. जाळेवालीच्या हातात अकरापर्यंतचा वेळ होता. त्यातली वीस मिनिटं नुसती किनाऱ्यापर्यंत पोचण्यात जाणार होती.

त्या पहाटे पाच वाजता कासवीण वाळूतून पाण्याकडे परत जाताना तिने स्वतः पाहिली होती. ट्रॅक्टरचं चाक फिरावं तसा माग मागे ठेवून ती जड बाई निघून गेली, एकदाही मागे न बघता. जाळेवालीने मागाच्या टोकाशी जाऊन टाचेने वाळू चाचपली. एके जागी टाच मऊ रुतली. घरटं तिथेच होतं. आणि नेमकं नको तिथे होतं, भरतीच्या रेषेच्या चांगलं आठ पावलं खाली. दुसऱ्या दिवशी मोठी भरती. पाणी आत शिरलं की अंडी वाळूतच गुदमरणार.

टाचेने घरटं ओळखायची विद्या तिच्या बापाची. बाप अंडी खणायचा आणि विकायचा, त्यात तिला लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. घरात सहा तोंडं होती. तिने मात्र अकरा वर्षांपूर्वी चौदा माणसं जमवली. जाळी विणणाऱ्या चार बाया, बोटवाले, बर्फाच्या कारखान्यातले दोघं, एक निवृत्त पोस्टमन. रोज पहाटे पाळीपाळीने किनारा चालायचा आणि घरटी राखायची. पहिल्या दोन वर्षांत चुकत, शिकत तिने स्वतःच्या हातांनी तीन घरटी मारली. मग एक संशोधक बाई आल्या, त्यांनी कारण सांगितलं. अंडं घातल्यापासून सहा तासांच्या आत हलवलं तर चालतं. त्यानंतर आतला जीव कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. मग अंडं जागचं हलवलं, जरा फिरवलं, की जीव सुटतो आणि खेळ खलास. बाहेरून काही कळत नाही. अंडं तसंच पांढरं, तसंच गोल. तुम्ही दोन महिने वाट बघत बसा.

म्हणून अकरा म्हणजे अकरा. सव्वाअकराला नुसती वाळू उकरायची.

"जावईबापू, किल्ली द्या."

"आई, असं कसं? साहेबांची सही..."

"साहेब कुठे आहेत?"

"फिरतीवर."

"कुठल्या गावाला?"

बाहेर बाकावर शिपाई तंबाखू मळत होता. तो मान न उचलताच म्हणाला, "घरीच फिरतायत. पाहुणे आलेत."

---

किल्ली ही काय भानगड आहे ते सांगायला हवं.

दहा वर्षं किनाऱ्यावर कुलूप नव्हतं. भरतीत जाणारं घरटं सापडलं की ते उचलायचं आणि किनाऱ्याच्या टोकाला उंच वाळूवर पुरायचं. भोवती जाळेवालीने विणलेल्या जुन्या जाळ्याचं कुंपण. तेवढीच उंच, अंधारी वाळू उरली होती. बाकी सगळीकडे नव्या रस्त्याचा दगडी बांध आला आणि त्यावर दिवे लागले. नुकती निघालेली पिल्लं दिव्याला समुद्र समजतात आणि रस्त्यावर चढून चाकाखाली जातात. हे कार्यालयाला चार वेळा लिहून कळवलं. उत्तर एकदाच आलं: "आपले पत्र मिळाले."

मग या वर्षी कार्यालयाला एकाएकी कासवांचा पुळका आला. जाळ्याचं कुंपण काढून लोखंडी आलं, आणि त्या जागेला आता 'हॅचरी' म्हणायचं. लोखंडाला दार, दाराला कुलूप आणि दारावर साहेबांच्या नावाची पाटी. पाटीवर चौदा माणसांपैकी एकाचंही नाव नव्हतं. त्याचं तिला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते परिपत्रकाचं. अधिकाऱ्याच्या समक्ष पंचनामा झाल्याशिवाय कोणतंही घरटं हलवू नये. किल्ली कार्यालयात राहील. उल्लंघन झाल्यास गटाची परवानगी रद्द.

उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले होते तिने. पण उंट घरी बांधून शेळ्या हाकणारे हे पहिलेच.

पहिलं घरटं लागलं एका शुक्रवारी, पहाटे चार वाजता. तेही भरतीच्या रेषेखाली. तिने सात वाजता जावयाच्या घरी फोन केला, नऊला कार्यालयात केला, दहाला पुन्हा केला. साहेब बैठकीत. साहेब नाश्त्याला. मग शनिवार, मग रविवार. शनिवारी आणि रविवारी कासवांनी अंडी घालू नयेत अशी सूचना बहुधा समुद्रात पोचली नव्हती.

बोटवाले काका तीन दिवस घरट्यापाशी छत्री घेऊन बसले. भरतीच्या वेळी चौदाही जणांनी वाळूची पोती रचून बांध घातला. पाणी पोत्यांपर्यंत आलं आणि मागे फिरलं. घरटं वाचलं. खरोखर वाचलं होतं हो.

सोमवारी दुपारी अडीच वाजता साहेब आले. बूट, टोपी, फोटोवाला आणि मागे वही घेतलेला जावई.

जाळेवाली पुढे झाली. "साहेब, आता नका हलवू. वेळ गेली. इथेच राहू द्या, आम्ही बांध राखतो."

"गंमत आहे बाई तुमची," साहेब म्हणाले. "तुम्हीच हलवा म्हणता, तुम्हीच हलवू नका म्हणता."

"शुक्रवारी हलवा म्हणत होते. आज सोमवार आहे."

"नियम शुक्रवारला एक आणि सोमवारला एक असा नसतो."

"पण अंडं असतं, साहेब."

साहेबांनी जावयाकडे पाहिलं. जावयाच्या बदलीचा कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होता. लेकीला चौथा महिना होता. जाळेवालीने ते पाहणं पाहिलं आणि तोंड मिटलं. उभ्या जन्मात तिने फार वेळा तोंड मिटलं नव्हतं. त्या दिवशी मिटलं. हे तिचं पाप, आणि ती ते दुसऱ्या कोणाच्या पदरात घालत नाही.

मग पंचनामा सुरू झाला. जावई म्हणजे कामाचा चोख माणूस. कागदावर खाडाखोड झाली तर त्याला रात्री झोप लागत नाही. अंडी मोजताना चूक नको, एक अंडं दोनदा मोजलं जायला नको, म्हणून त्याने खिशातून काळा मार्कर काढला आणि एकेका अंड्यावर आकडा घातला. एक, दोन, तीन. अंडं हातात घ्यायचं, फिरवून स्वच्छ बाजू बघायची, आकडा घालायचा, आकडा वर येईल असं टोपलीत ठेवायचं. त्याचं अक्षर गोल, मोत्यासारखं. एकशे चौदापर्यंत एकाही आकड्याचं वळण बिघडलं नाही.

"व्वा," साहेब म्हणाले, "याला म्हणतात काम." आणि फोटोवाल्याला म्हणाले, "हे घ्या. आकडे दिसू देत."

बोटवाल्या काकांनी छत्री मिटली आणि ते घरी निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "मयताच्या अंगावर नंबर घालतात, तसं चाललंय."

---

ती अंडी लोखंडी कुंपणात पुरली आणि दाराला कुलूप लागलं. पंचावन्न दिवसांनी पिल्लं यायला हवी होती. साठ झाले. सत्तर झाले. उरलेली सहा घरटी नशिबाने त्याच टोकाला, कुंपणाबाहेर उंचावर होती. ती जागच्या जागी जाळीखाली राखली आणि त्यांतून पिल्लं धडाधड बाहेर पडली, कारण त्यांना कोणाच्या सहीची गरज लागली नाही. कुलपातलं घरटं गप्प होतं.

एकाहत्तराव्या दिवशी ते उघडायचं ठरलं. त्याचाही पंचनामा, म्हणून पुन्हा जावई आणि वही. जाळेवालीने हाताने वाळू बाजूला केली. वास आधी आला, अंडी मागून.

आकडे शाबूत होते. मार्कर पक्का होता, पाण्याने न जाणारा. तिने एकेक अंडं काढून कापडावर ठेवलं. जावई वहीत लिहीत होता. सदतीस नंबरचं अंडं तिने काढलं, ते थोडं फाटलं होतं. आत पिल्लू नव्हतंच. नुसती पिवळट घाण होती. जीव धरून तीन दिवसांतच तो सुटला होता.

जावयाने सदतीसचा आकडा पाहिला. स्वतःचं अक्षर माणूस लांबूनही ओळखतो. त्याने पेन खिशात ठेवलं.

"आई, हे... मी फिरवली म्हणून?"

ती नाही म्हणू शकली असती. जावयाला कोण दुखावतं? तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो."

साहेबांनी शेरा मारला: "नैसर्गिक कारणांमुळे अंडी निकामी." म्हणजे निसर्गाने मार्कर घेतला होता.

त्यानंतर जावई घरात बोलेनासा झाला. जेवायला बसला की ताटात बघत राहायचा. लेकीने आईला फोन करून धारेवर धरलं.

"काय बोललीस तू यांना?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"थोडं गोड सांगता आलं नसतं? तुला ना आई, पोटच्या पोरीपेक्षा कासवं जवळची."

"कासवं मला फोन करून शिव्या देत नाहीत."

"हस तू. यांची नोकरी गेली तर माझ्या पोराला काय वाळू खाऊ घालू?"

जाळेवाली हसली नव्हती. फोन ठेवल्यावर तिने जाळ्याची एकच गाठ चार वेळा घातली आणि चार वेळा सोडली.

---

तर, खिडकी. घड्याळात दहा वाजून चौदा मिनिटं.

"साहेबांना फोन लावा," ती म्हणाली.

"दोनदा लावला. उचलत नाहीत."

"तिसऱ्यांदा लावा."

त्याने लावला. रांगेतल्या सगळ्यांनी मिळून फोनची घंटा ऐकली. घंटा वाजून वाजून थकली.

"ऐका जावईबापू," तिने आवाज खाली आणला, "मी तिथून आले तेव्हा काका घरट्यापाशी उभे होते. त्यांना सांगून आले, अकराच्या आत येते. सत्तरीचा माणूस उन्हात उभा आहे. त्या दिवशी मी गप्प बसले, तुमच्याकडे बघून बसले. आज बसणार नाही. किल्ली द्या, नाहीतर नाही म्हणून लिहून द्या. साहेब नाहीत, फिरतीवर आहेत, हे लिहू नका. नुसतं लिहा, किल्ली दिली नाही, आणि खाली तुमच्या त्या सुंदर अक्षरात सही करा."

हे लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली होती.

जावई उठला. इकडे तिकडे पाहून खिडकीपाशी वाकला. "आई, मी जरा चहाला जातो. खालचा ड्रॉवर उघडा आहे. तुम्ही..."

"मी चोर आहे?"

"तसं नाही हो..."

"माझ्या बापाने चोरून खणली, मी उजेडात खणते. मी ड्रॉवरमधून किल्ली काढली तर उद्या साहेब म्हणतील, बाईने चोरी केली. आणि तुम्ही म्हणाल, मी चहाला होतो. रजिस्टर काढा. तारीख घाला, वेळ घाला. किल्ली कोणी दिली, कोणाला दिली, लिहा."

शिपायाची तंबाखू हातातच राहिली. रांगेतलं कोणी हसलं नाही.

जावयाने घड्याळाकडे पाहिलं, साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग त्याने रजिस्टर ओढलं आणि लिहिलं. अक्षर तेच, गोल. लिहून झाल्यावर त्याने ते फिरवून तिला वाचायला दिलं. शेवटी एक ओळ जास्तीची होती, तिने न सांगितलेली: "घरटे अकराच्या आत हलवणे आवश्यक असल्याने मी स्वतः सोबत जात आहे."

"स्कूटरवर बसता येईल ना?" त्याने विचारलं.

"उडता येईल आत्ता," ती म्हणाली.

---

किनाऱ्यावर ते दहा सदतीसला पोचले. काका छत्री घेऊन उभेच होते. जावयाला बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"हे कशाला आणलंत? नंबर घालायला?"

"ते पेन आधी स्कूटरवर ठेवा," जाळेवाली जावयाला म्हणाली. त्याने खिशातून पेन काढलं, मार्करही काढला, दोन्ही डिकीत टाकून डिकी बंद केली. मग धावत जाऊन हॅचरीचं कुलूप उघडलं.

काकांनी आत खड्डा खणायला घेतला. हातभर खोल, तोंड अरुंद, तळ फुगीर, सुरईसारखा. जसा कासवीण मागच्या पायांनी खणते तसा. इकडे जाळेवालीने घरटं उघडलं. बादलीच्या तळाशी त्याच घरट्याची ओली वाळू घातली आणि अंडी उचलायला सुरुवात केली. दोन बोटांत धरायचं, उचलायचं, ठेवायचं. मधे काही नाही.

"वरची बाजू कशी ओळखायची?" जावयाने विचारलं.

"ओळखायची नाही. जी वर आहे ती वर ठेवायची. एवढंच काम आहे, त्याला शिक्षण लागत नाही."

त्याने बाह्या वर केल्या आणि वाळूत गुडघे टेकले. पहिलं अंडं उचलायला त्याला अर्धं मिनिट लागलं. दहावं उचलेपर्यंत हात स्थिर झाला. चोख माणूस तो, कशातही चोखच. फक्त या वेळी चोख काय ते त्याला कोणीतरी वेळेवर सांगितलं होतं.

बादली दोघांनी मिळून नेली, पाणी भरलेल्या परातीसारखी, न हिंदकळता. अंडी खड्ड्यात उतरवताना जाळेवाली तोंडाने मोजत होती. एकशे नऊ. शेवटचं अंडं खाली ठेवलं तेव्हा जावयाच्या मनगटावरच्या घड्याळात अकराला चार मिनिटं कमी होती. काकांनी वर वाळू लोटली आणि हात झटकले.

"जमलं की हो जावईबापूंना," ते म्हणाले. "पगार कशाला घेता मग?"

जावई वाळूवर बसून राहिला. मग म्हणाला, "आई, यांतून निघतील ना?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण या वेळी आपल्या हाताने मेलेली नाहीत."

---

अंड्यांसाठी यायला साहेबांना तीन दिवस लागले होते. नोटीस दोन दिवसांत आली.

एक जावयाला, एक तिला. जावयाला जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं, जिथे खिडकी नाही आणि पंखा चालत नाही. लेकीने फोन केला. जाळेवाली शिव्या खायच्या तयारीने बसली. लेक म्हणाली, "काल रात्री दोन पोळ्या जास्त मागितल्या यांनी." मग म्हणाली, "उत्तर नीट लिही. अर्धवट नको."

नोटिशीत लिहिलं होतं की अधिकाऱ्याच्या गैरहजेरीत घरटे हलवल्याबद्दल आपल्या गटाची परवानगी रद्द का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

जाळेवाली सातवीपर्यंत शिकलेली. तिने विणायचं जाळं बाजूला सारलं, नोटीस पालथी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसली. काकांना वाचून दाखवलं. काका म्हणाले, एक शब्द बदलू नको. ते असं होतं:

"साहेब, घरटं मी हलवलं. चोरून नाही, रजिस्टरमध्ये लिहून. अंडी एकशे नऊ, सगळी पांढरी, एकावरही आकडा नाही. कारकुनाने किल्ली वेळेवर दिली. तुमच्या कार्यालयात वेळेवर झालेलं मला आठवतं ते हे पहिलं काम. त्याची शिक्षा त्याला का?

गैरहजर तुम्ही, खुलासा आम्ही करायचा, हे मला समजलं नाही. आधीच्या एकशे चौदा अंड्यांचा खुलासा कोणी मागितला? त्यांच्यावर तुम्ही नैसर्गिक कारण लिहिलं. ते कारण रविवारी घरी होतं आणि सोमवारी अडीचला टोपी घालून आलं.

परवानगी रद्द करायची असेल तर करा. पण मग पहाटे किनाऱ्यावर चालायला माणसं पाठवा, चौदा. आम्ही अकरा वर्षं चाललो, त्याची परवानगी कासवांनी मागितली नव्हती.

हंगाम संपलेला नाही. आणखी एखादी येईल. ती सुट्टी बघून येणार नाही. म्हणून माझा एकच प्रश्न आहे आणि त्याला 'आपले पत्र मिळाले' हे उत्तर चालणार नाही. उद्या पहाटे पाच वाजता कासवीण भरतीच्या रेषेखाली अंडी घालून गेली, तर अकराच्या आत किल्ली घेऊन तुमच्याकडून कोण येणार? पद लिहू नका. माणसाचं नाव लिहा आणि तो उचलेल असा फोन नंबर लिहा. सात दिवस घेऊ नका, भरती सात दिवस थांबत नाही. आज संध्याकाळच्या आत सांगा. कोण येणार?"